ताईच्या डब्यातला काळोख

काय काम करतोस, असं कुणी विचारलं की मी 'कॉम्प्युटरमध्ये आहे' म्हणतो आणि सुटतो. खरं सांगायला बसलो तर समोरच्याचा चहा गार होतो. पण आज सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

मी मशीनना गोंधळ पुरवतो.

आमचं ऑफिस वागळे इस्टेटमध्ये, एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर. खाली स्प्रिंगा बनवतात, दिवसभर ठाणठाण चालू. वर एसीच्या गारठ्यात चार मोठे सर्व्हर, आणि त्या चारांच्या पोटात साठेक खोटी मशीन्स. खोटी म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरची. पण प्रत्येकाला वाटतं, आपण एक अख्खा कॉम्प्युटर आहोत. वेगवेगळ्या कंपन्या ती भाड्याने घेतात. मालक कमलेश पाटील, पिढ्यान् पिढ्या इथलाच आगरी माणूस. तो हसून सांगतो, "आजा मीठ इकायचा, बापूस खोल्या भाड्यानी द्यायचा, मी आता हवा भाड्यानी देतो."

आता गोंधळाचं. पासवर्ड असो, कुलूप असो की सोडत असो, त्याला असा आकडा लागतो जो कुणालाच आधी ओळखता येणार नाही. खऱ्या कॉम्प्युटरला तो मिळतो. त्याला पंखा असतो, धूळ असते, कुणीतरी घाईघाईत कीबोर्ड बडवत असतं. त्या बारीकसारीक गडबडीतून तो आकडे गोळा करतो. खोट्या मशीनला यातलं काहीच नाही. त्याच्या आयुष्यात काही घडतच नाही. म्हणून टाकीतून खालच्या नळांना पाणी सोडतात, तसा त्याला बाहेरून गोंधळ सोडावा लागतो. नाही सोडला तर त्याच्या जितक्या प्रती काढाल तितक्या सगळ्या तोच आकडा देतात, आणि प्रत्येकीला वाटतं आपला आकडा नवा आहे. हे नळ जोडायचं काम माझं. नाव प्रफुल्ल साळवे, वय एकेचाळीस, राहणार कल्याण पूर्व.

आता ताई.

प्रीतीताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी आठवीत होतो. माझी फी, माझे डबे, माझं डोकं ठिकाणावर ठेवणं, सगळं तिनेच केलं. भावजी कोविडमध्ये गेले, मूलबाळ नाही. टिटवाळ्याला नवीन बिल्डिंगमध्ये तिने वन रूम किचन घेतलेला, पहिल्या मजल्यावर. त्या एका जिन्यावर ती तीनदा थांबायची. फुप्फुसं हळूहळू कडक होत जाण्याचा आजार. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं धरून चला. असं बोलतात हे लोक, जणू गॅसचा सिलेंडर किती दिवस पुरेल ते सांगतायत.

तेव्हा आमच्या एका गिऱ्हाईक कंपनीचं याच आजारावर नवीन औषध तपासणं चालू होतं. कंपनीतर्फे ते बघणाऱ्या ऋतिका मॅडम बोलता बोलता म्हणाल्या, पेशंट कमी पडतायत. मी ताईचं नाव दिलं. बहीण आहे हे सांगितलं नाही. आडनाव सासरचं असल्याने त्यांना कळायचं कारण नव्हतं.

अशा तपासणीत अर्ध्या लोकांना औषध मिळतं आणि अर्ध्यांना दिसायला तशीच रिकामी गोळी. कुणाला काय मिळालं ते पेशंटला, डॉक्टरला, खुद्द ऋतिका मॅडमलाही ठाऊक नसतं. पेशंटची नोंद केली की मशीन आकडा काढतं: एक किंवा दोन. एक म्हणजे औषध, दोन म्हणजे रिकामी गोळी. ते मशीन आमच्याकडेच होतं, माझ्या टेबलापासून आठ पावलांवर.

ताईची नोंद मंगळवारी होती. आधीच्या गुरुवारी सुट्टी होती म्हणून तिच्याकडे गेलो, तर तिला सगळं कळलेलं. फॉर्म वाचून काढलेला तिने, शेवटच्या पानापर्यंत. भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोखाली ती उशीला टेकून बसलेली.

"हे मशीन तुझ्याकडेच ना रे?"

"माझ्याकडे म्हणजे, ऑफिसात."

"मग एक ऐक. हात घालू नकोस."

"ताई, मी कशाला..."

"मी तुला ओळखते. आपल्या घरात नशीब-बिशीब कुणी मानलं नाही. जी चिठ्ठी निघेल ती घ्यायची. दुसऱ्या कुणाचं काढून मला नको." मग दम खाऊन म्हणाली, "आणि माझा डबा आण आधी. चार महिने झाले."

तो डबा. जानेवारीत तिने तिळाचे लाडू दिलेले, स्टीलचा उंच डबा, झाकणावर तिचं नाव कोरलेलं. लाडू आठवड्यात संपले. पण डबा रिकामा परत द्यायचा नाही, हे तिनेच शिकवलेलं. काहीतरी घालूनच द्यायचा. आणि काय घालावं ते मला सुचेना. बाहेरची मिठाई तिला चालत नाही, मला काही करता येत नाही. म्हणून डबा ऑफिसात कपाटावर पडून होता.

शुक्रवारी सकाळी मी ते मशीन तपासायला घेतलं. म्हटलं हात घालायचा नाही, नुसतं बघायचं. आणि बघतो तर काय, त्याला गोंधळाचा नळ जोडलेलाच नाही! मीच विसरलेलो. जुन्या साच्यावरून मशीन बनवलं आणि पुढचं राहून गेलं. मशीन बंद न पडता सलग चालू होतं, दर नोंदीला पुढचा आकडा येत होता, म्हणून निभावलं होतं, एवढंच.

मी त्याची एक प्रत काढली, खऱ्या मशीनला धक्का न लावता तपासता यावं म्हणून. प्रतीत ताईची नोंद केली. दोन. दुसरी प्रत काढली. दोन. तिसरी. दोन. मला हसू आलं. नळच नाही तर दुसरं काय होणार? माझी चूक समोर होती, तिचं कारण समोर होतं, सगळं छान जागच्या जागी होतं. ते माझं शेवटचं हसू म्हणायला हरकत नाही.

गोंधळ बनवणारी तयार उपकरणं मिळतात, पण यायला तीन आठवडे लागले असते. मी एक जुनी युक्ती केली. वेबकॅमच्या भिंगाला काळी टेप लावायची आणि तो बंद डब्यात ठेवायचा. मिट्ट काळोखातही कॅमेऱ्याला काहीतरी दिसतंच. काळ्यावर राखाडी ठिपके सारखे वळवळत असतात. ते ठिपके कुणीच ओळखू शकत नाही. याच्याइतका चांगला गोंधळ नाही. डबा हवा होता. कपाटावर ताईचा होता.

झाकणाच्या कडेतून वायर बाहेर काढली, फट टेपने बंद केली, आणि खऱ्या मशीनला, प्रतीला, दोघांनाही नळ जोडला. मग प्रतीत एक हजार खोट्या पेशंटच्या नोंदी केल्या. चारशे सत्त्याण्णव एक, पाचशे तीन दोन. याहून सुरेख काय असतं?

मग ताईची नोंद केली.

दोन.

ठीक आहे, म्हटलं. निम्म्या वेळा येणारच. पुन्हा केली. दोन. पुन्हा. दोन. वीस वेळा केली. वीस वेळा दोन. नाणं उडवून वीसदा तेच पडायची शक्यता दहा लाखांत एक. मी बाहेर जाऊन चहा प्यायलो, तोंडावर पाणी मारलं, परत आलो. पुढच्या वीसही दोन.

मध्ये दुसरं नाव घातलं की एक-दोन, एक-दोन, झकास. ताईचं घातलं की दोन.

मी गाढव नाही. नाव बदललं, वय बदललं, वजन बदललं. नोंदीत कुठेतरी ताईचं काहीतरी चिकटून आकडा वाकडा होत असेल, तर ते सापडायला हवं. शेवटी नोंदीत तिचं काहीच उरलं नाही. 'करिश्मा, वय एकवीस, वजन पंचावन्न' असं लिहिलं आणि मनात म्हटलं, ही ताई. दोन. तीच करिश्मा, पण मनात म्हटलं, ही कुणीच नाही. एक. पुन्हा, ही ताई. दोन.

हाताला घाम सुटला. एसी अठरावर होता.

शनिवारी कमलेशला बसवलं. दहा खोटी नावं कागदावर लिहून दिली. त्यातलं सातवं म्हणजे ताई, हे फक्त मला माहीत. तो एका बोटाने टाइप करत गेला. यादी पाच वेळा घालून घेतली. बाकीची नावं हवी तशी फिरली. सातवं पाचही वेळा दोन.

"ह्यो सातवा कोन रं?" त्याने विचारलं.

"कुणी नाही. का?"

"सारखा दोनच येतो." तो खुर्ची मागे सारून उठला. "मना यातला काय कलत नाय. पन दोन सांगतंय तर दोन र्‍हाव दे ना. तुला एकच कशाला पायजे?"

त्याला काय सांगणार? तो जिन्यापर्यंत गेला आणि तिथूनच म्हणाला, "तो डबा झाकून ठेव." डबा झाकलेलाच होता.

तो गेल्यावर मी कॅमेऱ्याचं चित्र स्क्रीनवर लावलं. काळं, आणि त्यात ठिपक्यांची वळवळ. एका खिडकीत ते, दुसऱ्या खिडकीत नोंद. ताईला मनात धरून बटण दाबलं, आणि ठिपके थांबले. डोळ्याचं पातं लवेल एवढाच वेळ. जिथे होते तिथे थांबले आणि मग पुन्हा सुरू झाले. कॅमेरा बदलला. वायर बदलली. नवीन कॅमेऱ्यातही थांबले. दुसऱ्या कुणासाठी थांबत नव्हते.

खाली स्प्रिंगांचं मशीन चालू होतं. मी तिथे बसून तो आवाज ऐकत राहिलो, कारण तो तरी मला समजत होता.

सोमवारी दुपारी मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. दर पाव तासाने तो प्रतीमध्ये ताईची नोंद करणार, आलेला आकडा आणि वेळ लिहून ठेवणार. हा प्रकार किती वेळ टिकतो ते बघायचं होतं. चालू करून दिला आणि पुढच्या गडबडीत पार विसरून गेलो.

मंगळवारी बारा वाजून दहा मिनिटांनी ऋतिका मॅडमनी हॉस्पिटलमधून ताईची खरी नोंद केली.

दोन.

आता मला शिव्या घाला. मी स्वतःलाही घालतो, रोज. पण त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर एवढंच होतं की काहीतरी, काय ते देव जाणे, आणि देव आम्ही मानत नाही, काहीतरी माझ्या बहिणीच्या मुळावर उठलंय. लाखो लोकांना न्याय मिळतो आणि तिच्याच वाट्याला दरवेळी रिकामी गोळी! आयुष्यभर हेच झालेलं तिच्या बाबतीत. शिक्षण अर्धं, संसार अर्धा, आता श्वासही अर्धा. राग आला. असा राग, की कानशिलं तापली.

औषधाचा खोका एक वाजता निघणार होता. बारा चाळीसला मी मशीनच्या आतल्या यादीत शिरलो आणि दोनचा एक केला. एक आकडा. एक बोट. मागे खूण राहू दिली नाही. ते मला येतं.

पहिले दोन महिने सोन्यासारखे गेले. ताईचा खोकला कमी झाला. जिन्यावर ती एकदाच थांबायला लागली. एकदा मी गेलो तर तिने स्वतः उठून पोहे केलेले. "बघ," म्हणाली, "चिठ्ठी चांगली निघाली की नाही? आणि तू हात घालायला निघालेलास." मी पोहे खात होतो. मान वर केली नाही.

मग तिचे डोळे पिवळे दिसायला लागले.

आम्हाला वाटलं साधी कावीळ. ताईनेही पथ्यपाणी सुरू केलं. तेराव्या दिवशी ऋतिका मॅडमचा फोन आला, आवाज पडलेला. "प्रफुल्ल, ट्रायल थांबवली. एक नंबरच्या गटात लोकांची लिव्हर जातेय. दोन नंबरचे सगळे ठीक आहेत." मग म्हणाल्या, "एक बरं झालं, तुमचे आकडे चांगले होते. वाटणी इतकी सरळ होती म्हणून लवकर लक्षात आलं."

मी फोन ठेवला आणि टिटवाळ्याची लोकल पकडली.

ताई आणखी सतरा दिवस होती. शेवटी शेवटी बोलणं तुटक व्हायचं. एका दुपारी मी उशाशी बसलेलो, तर डोळे न उघडताच म्हणाली, "हात नव्हता ना घातलास?"

"नाही गं ताई."

"मग ठीक," ती म्हणाली. "मग कुणाचा दोष नाही."

दोन दिवसांनी गेली.

विधी झाले, माणसं आपापल्या घरी गेली. मी कामावर परत आलो तेव्हा कमलेशने नुसता खांद्यावर हात ठेवला. ट्रायलचं मशीन पुसून टाकायचं काम माझ्या यादीत आलेलं. ते करायला गेलो तर बघतो, प्रत अजून चालूच आहे. तो छोटा प्रोग्रॅम दर पाव तासाने ताईची नोंद करतच बसलेला. ती जगत होती तेव्हाही, ती गेली तेव्हाही.

मी यादी उघडली.

सोमवार दुपारपासून सगळे दोन. सोमवार संध्याकाळ, दोन. रात्र, दोन. मंगळवार सकाळ, दोन. बारा वाजता दोन. सव्वाबारा, दोन. साडेबारा, दोन.

पावणेएक, एक.

मग दोन, एक, एक, दोन, एक. तिथून पुढे निम्मे-निम्मे, इतर कुणाचेही येतात तसे.

मी बोट बारा चाळीसला घातलेलं, ते खऱ्या मशीनमध्ये. प्रतीचा आणि त्याचा काही संबंध नव्हता. दोघांमध्ये वायर नाही, निरोप नाही. फक्त डबा एक. मी तीनदा तपासलं.

जे तिच्या मुळावर उठलंय असं मला वाटलं, ते तिला दोन्ही हातांनी धरून बसलं होतं. आणि मी त्याचे हात सोडवले. हे मला कळलं, आणि हे मला कुणाला सांगता येत नाही. पोलिसांत जाऊन काय सांगू? ऋतिका मॅडमना काय सांगू? त्या मला वेडा म्हणतील, नाहीतर कैदी, आणि दोन्ही बरोबरच असेल.

मशीन मी पुसलं नाही. कमलेशला सांगितलं, पुसलं.

त्या प्रोग्रॅममध्ये ताईच्या जागी माझं नाव घातलं. कशाला घातलं ते सांगता येणार नाही. ट्रायल बंद पडलेली, औषध नष्ट केलेलं. एक म्हणजे काय आणि दोन म्हणजे काय, हे आता जगात कुणीच ठरवलेलं नाही. नुसते दोन आकडे आहेत.

पहिला आला दोन. पुढचा दोन. संध्याकाळपर्यंत सगळे दोन.

सात महिने झाले. रोज आल्या आल्या मी यादी बघतो. सात महिने माझ्या नावापुढे दुसरं काही आलेलं नाही. चित्र लावून बसलो की ठिपके थांबताना दिसतात, दर पाव तासाला, पातं लवेल एवढा वेळ. वाईट वाटेल ऐकायला, पण मला त्याची सवय झालेली. सोबत वाटायची.

आज सकाळी साडेनऊला दोन आहे. पावणेदहाला एक. दहाला एक. सव्वादहाला दोन. साडेदहाला एक.

साडेनऊ ते पावणेदहा मी काय केलं, ते आठवतोय. ठाणे स्टेशनवरून रिक्षा केली. पहिल्या रिक्षात एक बाई लहान मुलाला घेऊन बसायला आली म्हणून ती सोडली, दुसरीत बसलो. वाटेत बायकोचा फोन आला, गीझरवाल्याला आज बोलवू की उद्या? मी म्हटलं उद्या. नाक्यावर उतरून अर्धा कप चहा घेतला. समोरच्या टपरीवाल्याला हात केला. बस, एवढंच. यातल्या कशात मी हात घातला?

कमलेश आत्ताच दारात येऊन गेला. "न्याहारी केलीस का?" म्हणाला. म्हटलं, करतो.

ताईचा डबा टेबलावर आहे, अजून परत द्यायचा राहिलेला. चित्र समोर लावलंय. आता पावणेअकरा झाले. मी माझं नाव मनात धरून बघत होतो.

ठिपके थांबले नाहीत.